साडेपाचचा कोंबडा

सकाळी सव्वासहाला फोन वाजला तेव्हा आवाजवाल्या बाई दात घासत होत्या.

"नगरपालिकेतल्या आवाज मोजणाऱ्या मॅडम तुम्हीच ना?" पलीकडून फौजदार बोलत होते. "एक म्हातारा मेलाय. जिन्यावरून पडून. खिशात तुमच्या सहीची नोटीस आहे. येऊन जा."

कोण म्हातारा, हे बाईंनी विचारलं नाही. त्या महिन्यात त्यांनी एकाच नोटिशीवर सही केली होती. ती घड्याळकाकांच्या नावाची होती. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्याची लग्न न झालेली मुलगी, भाड्याचं तळमजल्याचं घर आणि परसात एक कोंबडा, एवढाच तो संसार.

नियम सरळ होता. शहरात कोंबडा पाळायला बंदी नाही, पण सकाळी सातच्या आत त्यानं तोंड उघडायचं नाही. तक्रार आली की शेजारच्या भिंतीवर आवाज मोजायचं यंत्र बसायचं. तीन सकाळी आरवल्याचं सिद्ध झालं की कोंबडा जप्त, आणि घरमालकाला भाडेकरार मोडायची मुभा. काकांचा कोंबडा पंधराच्या पंधरा सकाळी आरवला होता. घर सोडायला आठ दिवसांची मुदत होती, त्यातले चार उरले होते.

बाई पोचल्या तेव्हा परसातल्या फरशीवर चादर पसरलेली होती आणि चादरीखाली काका होते. गच्चीवर जायच्या एकुलत्या मागच्या लोखंडी जिन्याला पोलिसांनी खालून पट्टी बांधली होती आणि तिथे शिपाई बसवला होता. भिंतीवर बाईंच्या यंत्राचा हिरवा दिवा इमानेइतबारे लुकलुकत होता.

"अपघातच आहे," फौजदार म्हणाले. "कोंबड्यामागे धावला आणि वरून गडगडला. उद्या फाइल बंद करतो. तुम्ही फक्त नोटीस खरी आहे असं लिहून द्या."

"कोंबडा कुठंय?"

"पळाला."

मुलगी मागच्या पायरीवर बसली होती. वाचनालयात काम करणारी, पस्तिशीची, शांत बाई. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"मॅडम, एक विचारू? खोटं सांगू नका."

"विचारा."

"काल सकाळी मी बाबांना नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुमच्या या कोंबड्यापायी आपण रस्त्यावर येणार. ते एक शब्द बोलले नाहीत. मी रात्री आठला कामावरून आले, तेव्हा पेटीवर घोंगडी टाकून ते झोपायला गेले होते. आज तो आरवला आणि मी चिडेन म्हणून ते धावले असणार. म्हणजे मीच मारलं ना त्यांना?"

 नोटिशीवरची सही त्यांची होती. ही मुलगी स्वतःला दोष देत होती, आणि तो दोष खरा कोणाचा हे शोधल्याशिवाय आपल्याला अन्न गोड लागणार नाही हे त्यांना कळून चुकलं.

"पेटी दाखवा," त्या म्हणाल्या.

पेटी कोपऱ्यात होती. लांबरुंद, पण इतकी बुटकी की बाईंना वाकून बघावं लागलं. घोंगडी बाजूला पडली होती, दार सताड उघडं होतं.

"इतकी बुटकी का?"

"बाबांनी मुद्दाम तशी केली. कोंबड्याला आरवायला मान ताणावी लागते. छत डोक्याला टेकलं की तो नुसता कुरकुरतो. सातला बाबा दार उघडायचे, मग तो मोकळा. माझा कोंबडा आरवत नाहीच, असं बाबा सगळ्यांना सांगून थकले."

बाईंनी आत हात घातला. तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं होतं, नुकतं इस्त्री केल्यासारखं कोरं. वाटीत दाणे काठोकाठ होते आणि पाण्याचं भांडंही भरलेलं होतं. बाईंच्या आजोळी कोंबड्या होत्या. त्यांनी कागदावर दोनदा हात फिरवला आणि त्या उठल्या.

शेजारच्या नर्सबाई कुंपणापाशीच उभ्या होत्या. तक्रार त्यांचीच होती, आणि आठ दिवसांपूर्वी भर रस्त्यात त्यांनी काकांना धमकावलंही होतं. फौजदारांनी ते लिहून ठेवलं होतं.

"मान मुरगाळीन म्हणालात?"

"कोंबड्याची! माणसाची नाही हो," नर्सबाई कळवळून म्हणाल्या. "मी दोनला ड्यूटीवरून येते, तीनला डोळा लागतो. साडेपाचला हा भोंगा. तुम्ही काय केलं असतं?"

"आज काय ऐकलंत?"

"साडेपाचला आरवला. दोन-चार मिनिटांत वर कोणीतरी तावातावानं बोललं, मग किंकाळी आणि धाडकन आवाज. मी धावत आले तर मालक आधीच खाली उभे."

"आणि कोंबडा?"

नर्सबाईंनी पदर आवळून घेतला. "दिसला नाही. पण काका असे पडलेले, मी त्यांची नाडी बघतेय, आणि तो मेला आरवतोय. थांबून थांबून दोनदा. इतकी प्रेतं पाहिली मी, पण आज अंगावर काटा आला."

घरमालक वरच्या मजल्यावर राहायचे. माणूस साखरेत घोळवल्यासारखा गोड. त्यांनी बाईंना खुर्ची दिली, चहा दिला आणि रुमालानं डोळे टिपले.

"तुम्ही काय पाहिलंत?"

"सगळं या डोळ्यांनी पाहिलं, मॅडम. इथेच गॅलरीत उभा होतो. कोंबडा आरवला, काका धावत आले, पेटी उघडली. तो फडफडत सुटला तो थेट जिन्यानं वर. काका त्याच्या मागे. वरच्या पायरीवर पाय घसरला."

"मग कोंबडा?"

"भिंतीवरून रस्त्यावर उडाला, गेला तो गेलाच. मी काकांना कितीदा म्हटलं, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? द्या सोडून. मला तर त्याचा कधीच त्रास नव्हता." मालकांनी आवाज खाली आणला. "तेवढी ती जिन्याची पट्टी कधी निघेल? गच्चीवरची टाकी बघायची होती. पाण्याचा खोळंबा होतो हो."

बाई खाली आल्या. काकांच्या खोलीत टेबलावर भिंगं, चिमटे आणि एक लांबट वही पडली होती. ती वही बाईंनी ओळखली आणि उघडली. आत मोत्यासारख्या अक्षरात तारखा होत्या, आणि प्रत्येक तारखेपुढे सेकंदांसकट तीन वेळा. पाच तीस शून्य. पाच चाळीस शून्य. पाच पन्नास शून्य. पंधरा दिवस तेच. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'उद्या खात्री करणार.'

"तुमच्याकडे पाणी कुठून येतं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"थेट नळाचं. का?"

"गच्चीवरची टाकी?"

"ती गळते म्हणून दोन वर्षं कोरडी आहे. झाकणाला मालकांचं कुलूप असतं."

बाई कचेरीत गेल्या आणि यंत्राची पंधरा दिवसांची कागदपट्टी टेबलभर पसरली. आजवर त्यांनी एवढंच पाहिलं होतं, की रेघ लाल खुणेच्या वर गेली की नाही. आज त्यांनी मोजपट्टी घेऊन एकेक उंचवटा मोजला. मग यंत्रातून काढून आणलेली आजची सकाळ मोजली. पाच तीसला एक उंचवटा, पाच तेहेतीसला एक वेडावाकडा सुळका, मग पाच चाळीस आणि पाच पन्नास.  त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यानंतर त्यांनी दोन फोन केले. एक प्राण्यांच्या दवाखान्यात आणि दुसरा फौजदारांना.

दुसऱ्या दिवशी पाच वाजून वीस मिनिटांनी परसात पाच माणसं उभी होती. नीट उजाडलं नव्हतं. फौजदार जांभया देत होते. नर्सबाई आणि मुलगी एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. मालकांनी शाल पांघरली होती आणि दर मिनिटाला ते मनगटाकडे बघत होते.

"मॅडम, हे दुपारी नाही का चालणार?" ते म्हणाले. "मी जरा वर जाऊन येतो."

"इथेच थांबा," फौजदार म्हणाले.

"मला तीन गोष्टी खटकल्या," बाईंनी सुरुवात केली. "पहिली म्हणजे पेटीतला कागद. रात्रभर पेटीत राहिलेला कोंबडा कागद घाण केल्याशिवाय राहत नाही. तो कागद कोरा होता, दाण्यालाही चोच लागलेली नव्हती. म्हणजे काल पेटीत कोंबडा नव्हताच."

"पण मी ऐकला की!" नर्सबाई म्हणाल्या.

"तुम्ही ऐकलात ते खरं आहे. माझ्या यंत्रानंही ऐकला. मालकांनी मात्र तो पाहिला. पेटीतून सुटताना, जिना चढताना, भिंतीवरून उडताना. जो पक्षी तिथे नव्हता, तो फक्त त्यांनाच दिसला."

मालकांनी शाल घट्ट ओढली. "अंधार होता. पाहण्यात चूक झाली असेल."

"दुसरी गोष्ट काकांची वही. कोंबडा थोडा आधी आरवतो, थोडा नंतर, कधी चारदा, कधी सातदा. हा बरोबर साडेपाचला सुरू व्हायचा आणि दहा-दहा मिनिटांनी तीनदाच आरवायचा. एका सेकंदाचा फरक नाही. ज्यानं जन्मभर घड्याळं लावली, त्याला कळलं की हे काम पक्ष्याचं नाही, घड्याळाचं आहे. माझ्या पट्टीवरचे सगळे उंचवटेही तंतोतंत एका मापाचे आहेत. काका पडल्यावर जे दोन आले तेसुद्धा. कोंबडा रस्त्यावर पळाला असता तर आवाज लांब गेला असता."

"मग काकांनी केलं काय?" फौजदारांची जांभय अर्ध्यावर थांबली.

"परवा दुपारी त्यांनी कोणाला न सांगता कोंबडा घराबाहेर नेला. पेटी बंद केली, घोंगडी टाकली आणि पहाटेची वाट पाहिली. रिकामी पेटी आरवली, तर आवाज दुसरीकडून येतोय हे सिद्ध होणार होतं."

फाटक वाजलं. प्राण्यांच्या दवाखान्यातला कंपाउंडर एक बुटकी टोपली घेऊन आत आला. त्यानं टोपली फरशीवर ठेवून झाकण जरासं उचललं. तांबडा तुरा हलला.

"परवा चार वाजल्यापासून आमच्याकडे आहे," तो म्हणाला. "काकांनी वेळ घालून पावती मागून घेतली."

मुलीनं तोंडावर हात दाबला. मालक जिन्याकडे दोन पावलं सरकले. फौजदार मध्ये उभे राहिले.

"तिसरी गोष्ट," बाई म्हणाल्या, "मालकांना गच्चीवर जायची फार घाई होती. टाकी बघायला. दोन वर्षं कोरडी असलेली टाकी."

 बाई घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. पाच एकोणतीस झाले. टोपलीतला कोंबडा गप्प होता.

बरोबर साडेपाचला गच्चीवरून खणखणीत बांग आली. लांबलचक, भरदार, कुठेही न चुकलेली. टोपलीतल्या कोंबड्यानं मान वाकडी करून वर पाहिलं. नर्सबाईंनी मुलीचा दंड घट्ट धरला.

"किल्ली," फौजदारांनी हात पुढे केला.

मालकांची पाचावर धारण बसली होती. त्यांनी शालीतून किल्ली काढून दिली. टाकीत एक भोंगा निघाला, वेळ लावायचं यंत्र आणि बॅटरी निघाली.

"जुना करार होता," मालक पुटपुटले. "हा माणूस मरेपर्यंत हलणार नव्हता. मला मजले चढवायचे होते. मी त्याला ढकललं नाही हो. त्यानं कुलपाला हात घातला, म्हणाला नगरपालिकेत दाखवतो. मी नुसता हात झटकला."

"गॅलरीत उभं राहून?" फौजदारांनी विचारलं. 

उजाडता उजाडता मालकांना घेऊन पोलिसांची गाडी गेली. नर्सबाई मुलीचे दोन्ही हात धरून माफी मागून गेल्या. आता परसात दोघीच उरल्या.

"म्हणजे बाबा माझ्या बोलण्यामुळे धावले नाहीत," मुलगी म्हणाली.

"नाही. तुमच्यामुळे काहीच झालं नाही. त्यांना घर वाचवायचं होतं आणि ते बरोबर होते. नोटीस मी आज रद्द करते."

मुलीनं डोळे मिटून घेतले. बाईंना तिथेच थांबता आलं असतं. अळीमिळी गुपचिळी केली असती तर कोणाला काही कळलंही नसतं. पण मुलीनं खोटं सांगू नका म्हटलं होतं.

"काका गेल्या सोमवारी माझ्याकडे आले होते," त्या म्हणाल्या. "ती वही घेऊन. दोन तास बाकावर बसले. मी वही उघडलीसुद्धा नाही. म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही, काका."

"उघडली असती तर?"

"तर गच्चीवर माझा माणूस गेला असता. त्यांना एकट्यानं जावं लागलं नसतं."

 मुलीनं खाली वाकून टोपली उचलली आणि ती दारापर्यंत गेली.

"सोमवारी त्यांनी लग्नकार्याचा शर्ट काढून इस्त्री केला होता," ती पाठमोरी म्हणाली. "मी विचारलं, कुठे निघालात? तर म्हणाले, एक शहाणी बाई आहे, ती ऐकून घेईल."

तिनं आत जाऊन दार लावून घेतलं.