अकरावी गोळी

"आमच्या निशीला नेम हाय, पन मोजाया येत नाय!" पंगतीत वरण वाढता वाढता कमळाकर पाटलांनी ती जुनी गोष्ट पुन्हा सांगितली आणि ओटीवर जेवायला बसलेली शिरवणे गावची सारी मंडळी खो-खो हसली. त्यांच्या मिथुनला खेळाडूंच्या राखीव जागेवर पोलिसात नोकरी लागली, म्हणून घरी पूजा होती. त्याची मोठी बहीण निशिगंधा उरणहून सासरची कामं उरकून, किरकिरणारं पोर कडेवर घेऊन पहाटेच निघाली होती. ती हसली नाही, रडलीही नाही. पुढच्या पानावर भात वाढत राहिली. इतकी थकली होती बिचारी, की अपमानही आता तिच्या अंगवळणी पडला होता...

नेरूळ नवं नवं वसत होतं, तेव्हा तिथल्या रायफल क्लबात ही दोघं भावंडं शेजारी शेजारी पालथी पडून नेमबाजी करायची. राज्यस्पर्धेला क्लबातून एकच जण जाणार होता. निवडीच्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या कागदावर दहा गोळ्या मारायच्या होत्या. पंचांनी कागद उतरवले, तर मिथुनच्या कागदावर नऊ भोकं आणि निशिगंधाच्या कागदावर अकरा! घाबरलेल्या मिथुननं एक गोळी बहिणीच्या कागदावर घातली होती. अशी गोळी वाया जाते, म्हणजे त्याची निवड गेल्यातच जमा होती. बारावीत आपटलेला तो पोरगा, बाप ज्याला ऊठसूट 'खायला काळ, भुईला भार' म्हणायचा, त्याचा पांढराफटक चेहरा पाहून तिला राहवलं नाही.

"जास्तीची गोळी माझी, सर," ती बोलून गेली. "मोजताना चुकले मी. त्याची एक गोळी उडालीच नव्हती."

ती बाद झाली. मिथुनला राहिलेली गोळी मारू दिली आणि त्याची निवड झाली. बापानं मात्र 'चारचौघांत नाक कापलं' म्हणून तिचा क्लब बंद केला आणि त्याच वर्षी तिला उरणला उजवून टाकलं. भावाचं भलं होतंय, एवढ्याच समाधानावर ती मूकपणे सारं सोसत आली. भावाकडून मात्र इतक्या वर्षांत एक शब्द आला नाही, हे शल्य तिला रात्रंदिवस टोचत होतं.

"बाबा, पुरे." मिथुन भरल्या पानावरून उठला. "ती गोळी माझी होती. ताईच्या कागदावर मीच मारली. मला वाचवायला ती खोटं बोलली, अन् मी आजवर तोंड शिवून बसलो."

कमळाकरांनी वरणाचा डाव खाली ठेवला. ते लेकीजवळ आले.

"निशी... तवा का बोलली नाय गो?"

"तुमी विचारलं कुठं, बाबा? माझं क्लबात जानंच बंद केलंत."

मिथुन तिच्या पायांशी बसून लहान मुलासारखा रडू लागला. तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला.

"उद्यापासून परत क्लबात जा," कमळाकर म्हणाले. "मी सोता सोडीन तुला."

"आता नको, बाबा. मला फक्त जरा पडू द्या. लय दमलेय."

आईच्या खोलीत तिनं जमिनीला पाठ टेकली आणि तत्क्षणी तिला गाढ झोप लागली. कमळाकर नातवाला खांद्यावर घेऊन दारात बसले. आत जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला ते हातानंच परतवत होते. संध्याकाळ झाली, उरणच्या एसटीची वेळ झाली, तशी तिची आई विमलबाई लेकीला उठवायला आल्या.

"एसटी चुकेल तिची. सासरी काय सांगायचं?"

"सांग, बापानं ठेवून घेतली," ते हळू आवाजात म्हणाले. "झोपू दे तिला. पोर माझी कदीची जागी हाय."