तारेवरचा बबन

केंब्रिजपासून बसने चाळीस मिनिटांवर एक लहानसं लष्करी म्युझियम आहे. तिथल्या जुन्या रेकॉर्डिंग्जच्या डिजिटल कॉपी करायचं सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट मला मिळालं होतं. मागच्या खोलीत मी एकटाच असायचो. संध्याकाळी बस, मग भाड्याची खोली. तोंडातून शेवटचा मराठी शब्द कधी निघाला होता, आठवत नव्हतं.

नोव्हेंबरात तारेची रिळं हाती आली. टेप रुळण्याआधी लष्करात आवाज केसासारख्या बारीक पोलादी तारेवर भरत. एका डबीवर लिहिलं होतं : इटली, १९४५. हॉस्पिटल. जखमी हिंदी शिपायांचे घरचे निरोप.

मी हेडफोन लावले. आधी खरखर. मग अगदी कानाशी, "आये, म्या बबन. बरा हाय. पाय तेवढा गेला." जरा थांबून, "हितं आपलं बोलनारं कुनी न्हाई गं."

"इथेही नाही," मी सहज पुटपुटलो.

खरखर थांबली.

"कोन हाय?"

मी मशीन बंद केलं. कॉम्प्युटरवरची कॉपी तपासली. त्या जागी नुसती खरखर होती. मग तार पुन्हा चालू केली.

"गेलास व्हय?"

"नाही. मी परीक्षित. पुण्याचा."

"आमी पाटनकडचं," तो म्हणाला. आवाजात केवढा आनंद होता.

आठवडाभर आम्ही बोललो. तो बहिणीच्या लग्नाचं सांगायचा, गाभण म्हशीचं विचारायचा, जशी काही मी ती पाहिली होती. मी त्याला बाबांचं सांगितलं. ते गेले तेव्हा माझा व्हिसा अडकला होता. मी सगळं फोनवर पाहिलं.

"वंगाळ झालं," बबन म्हणाला. इतकं साधं मला कुणी म्हटलं नव्हतं.

चहा घेऊन आलेल्या म्युझियममधल्या जीनबाईंनी एकदा विचारलं, "कुणाशी बोलतोस रे?"

"घरी," मी म्हणालो.

शुक्रवारी जेवणानंतर पाहिलं, रिळावर तारेचे थोडेच वेढे उरले होते. बबनला धाप लागली होती.

"लई थंडी वाजतीया. ऱ्हाशील न्हवं?"

मशीन बंद करता आलं असतं. पण एकदा मी पोचलो नव्हतो.

"आहे ना. बोल तू."

तो बोलला नाही. श्वास ऐकू येत होता. मग थांबून थांबून.

मग नाही.

बुटांचा आवाज आला. कोरड्या इंग्रजीत एक अधिकारी नोंद घेऊ लागला : शिपाई बबन. मृत्यू दुपारी तीन दहा.

"जवळ कोण होतं?"

एका नर्सने माझं नाव सांगितलं. मग आडनाव, एकेक अक्षर सुटं करून. बबनला मी आडनाव कधीच सांगितलं नव्हतं.

"कुठे आहे तो?"

"अजून इथंच बसलाय, सर."