पंचवीस आणि चाळीसच्या मध्ये

"सीटचा पट्टा सोडा."

गाडीतल्या तरुणाने खिडकीची काच आणखी खाली केली. "सोडू? सगळं जग लावा म्हणतं!"

"जग रस्त्यावरून जातं. तुम्ही समुद्रावरून निघालाय," एनेली म्हणाली. "बर्फ फुटलाच, तर पट्ट्याशी झटापट करत बसाल. सोडा."

त्याने निमूटपणे सोडला.

कित्येक वर्षांनी त्या हिवाळ्यात समुद्र मनासारखा गोठला होता. हिउमा बेटापासून समोरच्या रोहुकुला बंदरापर्यंत बर्फावरून सव्वीस किलोमीटरचा रस्ता खुला झाला होता. बेटाच्या टोकाला, हेल्तेर्माच्या नाक्यावर, नारिंगी जाकीट घातलेली एनेली उजाडल्यापासून मावळेपर्यंत प्रत्येक गाडीला तेच तीन नियम ऐकवायची. पट्टा लावायचा नाही. वाटेत थांबायचं नाही. आणि वेग एक तर पंचवीसच्या खाली, नाहीतर चाळीसच्या वर.

"आणि मधला?" त्याने खिशातून चक्क वही काढली.

"मधल्या वेगाने खालच्या पाण्यात लाट उठते. ती बर्फ फोडते. हळू जा, नाहीतर धड जोरात जा. तळ्यात-मळ्यात केलंत, की गेलात."

दोन गाड्यांमध्ये तीन मिनिटांचं अंतर ठेवावं लागे. पुढची गाडी नुकतीच सुटली होती, तेव्हा तीन मिनिटं गप्पा मारण्यावाचून दोघांनाही गत्यंतर नव्हतं. तो तार्मो. तालिनचा. एस्टोनियात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांसाठी तो सल्ल्यांची पुस्तिका लिहीत होता. छोटा देश, छोटी पुस्तिका, आणि मानधन त्याहून छोटं, असं त्यानेच हसत सांगितलं.

"काय काय लिहिलंत?"

"घरात शिरताना बूट काढा. फुलं द्याल तर विषम संख्येत, सम फुलं फक्त मयताला. आणि समोरचा माणूस गप्प बसला, तर घाबरू नका. तो रागावलेला नाही, तो एस्टोनियन आहे."

एनेली इतक्या मोठ्याने हसली, की मागच्या गाडीतल्या बाईंनी काच खाली करून पाहिलं.

"निघा आता! चाळीसच्या वर हं!"

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. बेटावर पेट्रोल कुठे कुठे मिळतं, ते तपासायचं होतं म्हणे. त्याच्या पुढच्या शनिवारी काळा पाव कुठल्या बेकरीचा चांगला, ते. मग म्हणाला, दीपगृहाच्या पायऱ्या मोजायच्या राहिल्यात. एनेलीला काय कळत नव्हतं? पण आपल्याला कळतंय, हे त्याला कळू देण्यात मजा नव्हती. शनिवारी ती आरशात जरा जास्त वेळ पाहायची, आणि मग तोच नारिंगी टोपा कानांवर ओढायची.

त्यात वायरलेसवर पलीकडच्या नाक्यावरचे अर्वोकाका होतेच. चाळीस वर्षं बर्फ मोजलेला माणूस, पण चौकसपणा मुंजीतल्या बायकांना लाजवणारा.

"पोरी, तुझा पुस्तिकावाला सुटला बघ इथून. आज दाढी केलीय."

"काका, हे यंत्र सरकारी कामासाठी आहे."

"मग मी काय घरचं बोलतोय? निळी गाडी, एक माणूस, दाढी केलेला. नोंद कर."

सकाळी येताना तीन मिनिटं, दुपारी परत जाताना तीन मिनिटं. एवढ्या भांडवलावर एनेलीने मनातल्या मनात काय काय उभं केलं होतं! पण बोलायची वेळ आली की ती पुढच्या गाडीचा नंबर टिपायला लागायची... आणि तोही कमी नव्हता. तिच्या हातात कॉफीचा पेला द्यायचा, तिच्या भुवयांवर जमलेल्या हिमाकडे पाहत राहायचा, काहीतरी म्हणायला तोंड उघडायचा— आणि विचारायचा, "बेटावर दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो?"

पाचव्या शनिवारी तिनेच खडा टाकला.

"फिनलंडमध्ये मावशीने माझ्यासाठी नोकरी बघितलीय. तुर्कूला, वृद्धाश्रमात. बर्फ वितळला की इथलं काम संपतंच. आठ मार्चला पाचच्या आत फोन करून कळवायचंय, येते की नाही."

तार्मोचा चेहरा एकदम उतरला. तिला बरं वाटलं. आता बोलेल, तिला वाटलं. आता तरी!

"तुर्कू... छान आहे," तो म्हणाला. "नदीकाठ चालायला चांगला आहे. थंडीत बूट मात्र जाड तळाचे घ्या."

एनेलीने टोपा कानांवर आणखी खाली ओढला.

"मी सल्ला मागितला होता?"

"मग काय—"

"तीन मिनिटं झाली. निघा."

गाडी गेली. अर्ध्या तासात पोचायची ती जवळजवळ तासाने पोचली, आणि वायरलेस खरखरला. "एनेली! तीसच्या वेगाने आला हा गाढव! सबंध रस्ता तीसने! मी चांगला झापलाय."

एनेलीला रडू आलं आणि त्याचा रागही आला. रात्री अंथरुणात पडल्यावर मात्र राग हळूहळू त्याच्यावरून स्वतःवर सरकला. तिने तरी काय वेगळं केलं होतं? मावशीला 'बघते' म्हणाली होती, आईला 'कळवते' म्हणाली होती. त्याला तर काहीच म्हणाली नव्हती. ती स्वतःच गेला महिनाभर तीसने चालली होती.

आठ मार्च उजाडला तो दक्षिणेचा वारा घेऊन. बर्फावर पाणी चढलं, आणि दहा वाजता हुकूम आला: रस्ता बंद. एनेलीने आडवा दांडा पाडला, कुलूप घातलं आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. पाठीमागे समुद्र ओला, राखाडी पसरला होता. संपलं, असं ती स्वतःला समजावत होती.

वायरलेस खरखरला.

"पोरी, तुझा पुस्तिकावाला इथे अडकलाय. हातात ट्युलिपची पाच फुलं. जाऊ द्या म्हणतो. मी म्हटलं, जा की, सरळ तळाला जाशील."

"जहाजाने या म्हणावं."

"चारच्या जहाजात जागा मिळालीय त्याला. पोचेपर्यंत सव्वापाच. तो म्हणतो, तू फोन पाचच्या आत करणार." काका खाकरले. "त्याला तुला काहीतरी सांगायचंय. यंत्र बाहेरच्याच्या हातात देता येत नाही. तो बोलेल, मी सांगेन."

"सांगा."

थोडी कुजबुज ऐकू आली. मग काका पाठ केल्यासारखे म्हणाले, "म्हणतो, तुर्कूबद्दलचा सल्ला चुकीचा होता. नदीकाठ गेला खड्ड्यात. म्हणतो, जाऊ नकोस. 'जाऊ नका' नाही हं म्हणाला, 'नकोस' म्हणाला. मी नीट ऐकलंय."

"का जाऊ नको, विचारा."

"का रे?... अरे, मोठ्याने बोल, लाजतोस काय!... छे छे. एनेली, हे मी नाही बोलणार. लग्नाला अडतीस वर्षं झाली, हेल्मीलासुद्धा मी हे कधी बोललो नाही."

"काका, द्या ना त्याच्या हातात! एकदाच."

यंत्र हातातून हातात गेल्याची खरखर. मग तार्मोचा आवाज, अगदी जवळून. "एनेली... मी... म्हणजे असं, की..."

"वाटेत थांबायचं नाही," ती म्हणाली.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," तो एका दमात म्हणाला. "पेट्रोल, पाव, पायऱ्या, सगळ्या थापा होत्या. पेट्रोल कुठे मिळतं ते मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं!"

एनेलीने बोलायला तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. दिवसभर परक्या माणसांना दरडावणारी ती, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत असताना तशीच उभी राहिली.

"एनेली?" पलीकडून घाबरा आवाज आला. "रागावलीस?"

"नाही," ती कशीबशी म्हणाली. "एस्टोनियन आहे."

तुर्कूला तिने पाचची वाट न बघता दुपारीच फोन लावला. 'बघते' नाही, 'कळवते' नाही. सरळ सांगितलं, येत नाही. मग धक्क्यावरच्या तिकीट खिडकीत जाऊन उन्हाळ्यासाठी माणूस हवंय का, तेही विचारून आली. हवं होतं.

सव्वापाचला जहाज लागलं. निळी गाडी उतरली, कडेला थांबली, आणि तार्मो फुलं पाठीमागे लपवून बाहेर आला. कानापर्यंत लाल झालेला.

"दाखव," एनेली म्हणाली.

फुलं चार होती.

"पाच होती ना?"

"अर्वोकाकांनी एक ठेवून घेतलं. आज आठ मार्च, महिला दिन, आणि हेल्मीकाकूंना फूल घ्यायचं राहिलं त्यांचं. म्हणाले, तुझं बोलणं पोचवलं, त्याची मजुरी." तो रडकुंडीला आला होता. "जहाजावर फुलं मिळत नाहीत गं. मयताचीच झाली ही..."

एनेलीने चार फुलं घेतली. त्यातलं एक काढलं आणि त्याच्या कोटाच्या काजात खोचलं.

"तीन माझी," ती म्हणाली, "एक तुझं. झाली की नाही विषम?"

तो काहीच बोलला नाही. नुसता हसत राहिला, आणि तिलाही आता त्या गप्प राहण्याची भीती वाटली नाही.

ती गाडीत त्याच्या शेजारी बसली. फुलं मांडीवर घेतली. त्याने किल्ली फिरवली तसा तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"पट्टा लाव," ती म्हणाली. "आता जमिनीवरून जायचंय."