चार पांढरे कोपरे

सांडू दे... देवा, एक थेंब तरी सांडू दे!

स्वयंपाकघराच्या दारातून तिचा नवरा ट्रे घेऊन बाहेर येत होता. ट्रेमध्ये चहाचे तीन कप, काठोकाठ भरलेले, आणि बेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या हातून काही सांडावं म्हणून ती पहिल्यांदाच देवाचा धावा करत होती. पण तो कसला सांडतोय! दारापासून सरळ चार पावलं, मग स्टुलाला वळसा घालून उजवीकडे तीन, गुडघ्याला टेबलाची कड लागली की थांबायचं... मोजूनमापून तो आला आणि तपासणीला आलेल्या मॅडमपुढे त्याने ट्रे असा अलगद ठेवला की बशीसुद्धा हलली नाही.

"घ्या मॅडम," तो ऐटीत म्हणाला. "साखर कमी वाटली तर सांगा. हिने केला असता तर पाक प्यावा लागला असता."

मॅडम हसल्या. 

मॅडम आल्या होत्या निर्वाह भत्त्याच्या कचेरीतून. हा भत्ता म्हाताऱ्या, अपंग, तुटपुंजी मिळकत असलेल्या जोडप्यांसाठी, आणि या तिन्ही गोष्टी या घरात अगदी मुबलक होत्या! नवरा पाट्या रंगवणारा. अर्ध्या बाजारपेठेवर त्याचं अक्षर होतं, सगळे त्याला नुसतं 'पेंटर' म्हणत. आठ वर्षांपूर्वी त्याचे दोन्ही डोळे गेले. तिने एकतीस वर्षं कापड गिरणीत मागावर काढली आणि त्या मागांनी तिचे कान नेले. मिळकतीचा दाखला, डोळ्यांचा दाखला, कानांचा दाखला, सगळं जोडलं होतं. तरी पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण एका रकान्यात विचारलं होतं, 'रोजच्या कामांना दुसऱ्या माणसाची मदत लागते का?' आणि या गृहस्थाने कारकुनासमोर छाती काढून सांगितलं होतं, "छे! मला कशाला लागतेय मदत!"

फेरअर्ज केला. त्याची ही घरभेट, आणि यानंतर पुन्हा अर्ज नाही. खोलीचं भाडं चार महिने थकलं होतं, पुढच्या महिन्याच्या अखेरीस खोली सोडायची होती. कपाटात लेकीचं पत्र होतं... 'आई, आमच्याकडे एकाचीच सोय होईल. बाबांसाठी मी अंधांच्या आश्रमात विचारून ठेवलंय. मला माफ कर.' लिहिताना पोर रडली असावी, शाई जागोजाग फुटली होती. ते पत्र तिने नवऱ्याला वाचून दाखवलंच नव्हतं. आपण लेकीच्या घरी आणि हा कुठल्यातरी अनोळखी खाटेवर, भिंती चाचपत... या विचारानेच तिचं काळीज फाटत होतं.

"टीव्ही आहे?" मॅडमनी कागदावरून विचारलं.

"आहे की. ही बघते, मी ऐकतो. दोघांत एक पुरतो."

किती गोड बोलतोय हा मेला, आणि स्वतःच्याच हाताने कसा बुडवतोय! सगळं सांगून, हातापाया पडून झालं होतं. 'बाहेरचं माणूस येणार आहे, निदान आज तरी चाचपडत चाला हो!' तर म्हणाला, "आंधळा आहे, भिकारी नाही."

चहा पिऊन झाल्यावर त्याने कप गोळा केले आणि विसळायला आत नेले. मॅडम फोन कानाला लावून खिडकीपाशी गेल्या. समोर बहिरी म्हातारी असताना आवाज खाली आणायची गरज नव्हती, पण नवरा आत होता म्हणून असेल, त्या हळू बोलत होत्या. मागांच्या खडखडाटात बायका एकमेकींचे ओठ वाचून सासवांच्या कागाळ्या करतात, हे त्या बिचारीला कुठून ठाऊक असणार!

'हो सर... नाही, आजोबा छान वावरतात,' मॅडमचे ओठ म्हणत होते. 'चहासुद्धा त्यांनीच केला. थोडंफार दिसत असावं. नाही सर, मदतीचा रकाना... हो, नाहीच लिहिते. वाईट वाटतं, पण काय करणार.'

 संपलं! आठ वर्षं तिने या खोलीत एक वाटी इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. डोळे पुरते जाण्याआधी त्याने उरल्यासुरल्या नजरेने, गुडघ्यांवर बसून, प्रत्येक खुर्चीच्या, टेबलाच्या, स्टुलाच्या पायांशी जमिनीवर पांढऱ्या रंगाचे बारीक काटकोन काढले होते, झाडल्यावर वस्तू तसूभरही हलू नये म्हणून. ते त्याचं शेवटचं काम. ती रोज झाडायची, पुसायची आणि वाकून वाकून एकेक पाय त्याच्या खुणेवर बसवायची. कंबर मोडली, पण तो एकदाही ठेचकाळला नाही... आणि आज तिचं सारं कष्टाचं पुण्यच उलटलं होतं!

पुढे काय झालं ते तिचं तिलाही कळलं नाही. मॅडम आता दुसऱ्या कानात बोट घालून खिडकीबाहेर वाकल्या होत्या, त्यांची पाठ होती. ती उठली, स्टुलाला हात घातला आणि ते दोन वितींवर, बरोबर त्याच्या वाटेत ओढलं. मग जागेवर येऊन बसली. 

तो दारात आला... आणि थांबला.  त्याने शर्टाची बाही मनगटापर्यंत खाली ओढली. ही त्याची जुनी सवय, उंच शिडीवर चढण्याआधी तो असंच क्षणभर थांबून बाही ओढायचा. 'थांबा!' असं ओरडावं म्हणून तिने तोंड उघडलं, पण तोवर तो निघाला होता. एक, दोन, तीन...

स्टुलावर नडगी आदळली आणि तो सगळाच्या सगळा पुढे कोसळला. उजवा हात अंगाखाली सापडला. त्याचा चेहरा वेदनेने पिळवटला, तोंड उघडलं, आणि ती किंकाळी ऐकू न येताही तिच्या हृदयातून आरपार गेली!

मॅडम फोन टाकून धावल्या. दोघींनी मिळून त्याला खुर्चीत बसवलं. मनगट बघता बघता सुजलं. मॅडम स्टूल बाजूला करायला वाकल्या आणि तशाच राहिल्या. जमिनीवर चार पांढरे कोपरे मोकळे होते, आणि स्टूल त्यांच्यापासून दोन विती दूर.

मॅडमनी आधी कोपऱ्यांकडे पाहिलं, मग स्टुलाकडे, मग तिच्याकडे.

"आजी, हे..."

"मी!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मॅडम दचकल्या. आपला आवाज किती चढतो हे तिला कधीच कळत नसे. "मीच सरकवलं! यांचा काही दोष नाही हो! तुम्ही फोनवर बोललात ते मी वाचलं तुमच्या ओठांवरून. यांना दिसत नाही मॅडम, दिव्याचासुद्धा उजेड दिसत नाही! हे घर पाठ आहे त्यांना, मी पाठ ठेवलंय! आठ वर्षं रोज एकेक पाय खुणेवर बसवते मी... भत्ता नका देऊ, मला तुरुंगात घाला, पण यांना माझ्यापासून तोडू नका! लेक एकालाच नेतेय हो, एकालाच..."

तो ताठरला. लेकीचं त्याला आताच कळत होतं.

 मॅडम खोलीभर फिरल्या. खुर्चीपाशी वाकल्या, टेबलापाशी वाकल्या, स्वयंपाकघरात जाऊन डबे आणि शेगडीखालच्या खुणासुद्धा पाहून आल्या. परत येऊन तिच्यासमोर बसल्या आणि एकेक शब्द ओठांवर नीट उमटेल असं म्हणाल्या, "या खुणा कुणी काढल्या?"

"यांनी. दिसत होतं तेव्हा."

"आणि रोज वस्तू खुणेवर कोण ठेवतं?"

"मी. दुसरं आहेच कोण?"

मॅडमनी कागदावरची एक ओळ खोडली. नवीन लिहिली. मग कागद तिच्याकडे फिरवला. रकान्यात लिहिलं होतं, 'मदत लागते. पूर्ण वेळ. पत्नी करते.'

"मंजुरी वरच्या साहेबांच्या हातात आहे," त्या म्हणाल्या. "मी पाहिलं ते लिहिलंय. सही करा, आजोबा."

सहीचा त्याला कोण अभिमान! डोळे गेल्यावरही वळणदार सही करायचा. पण उजवा हात उचलेना. डाव्या हाताचा अंगठा शाईत बुडवून तिनेच तो कागदावर टेकवला.

पुढचे सव्वीस दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. हाताला प्लास्टर पडलं. ती भरवायची, तो मुकाट खायचा. पण बोलताना नेहमी तिच्याकडे तोंड करणारा तो माणूस भिंतीकडे तोंड करून बसू लागला. बहिऱ्या बायकोकडे पाठ फिरवणं म्हणजे तोंडावर दार लावून घेणं! आपण त्याला पाडलं, त्याचा हात मोडला, परक्या बाईसमोर त्याची अब्रू काढली... तो कधीच क्षमा करणार नाही, या विचाराने ती आतल्या आत जळत राहिली.

सत्ताविसाव्या दिवशी दुपारी तो एकाएकी दाराकडे वळला, तेव्हा तिला कळलं की दार वाजलंय. पोस्टमन होता. तिने पत्र फोडलं आणि मोठ्याने वाचलं. मंजूर! शेजाऱ्यापाजाऱ्यांना न सांगता कळलं असेल. तो मात्र तसाच भिंतीकडे तोंड करून.

मग तिचा धीर सुटला. ती त्याच्या पायांशी जमिनीवर बसली. "रागवा, शिव्या द्या, पण असं तोंड फिरवू नका हो! तुमचं तोंडच दिसलं नाही तर मला जगात ऐकू काय येणार आहे?"

तो वळला. त्याचे विझलेले डोळे भरून वाहत होते.

"अगं, ते स्टूल वाजतं."

"काय?"

"सरकवलं की फरशीवर किंचाळतं. तुला कुठून कळणार! रोज झाडताना ऐकतो मी. त्या दिवशीही ऐकलं, आतून. किती सरकलं, कुठे सरकलं, सगळं कळलं."

तिला आठवलं. दारात थांबलेला तो... खाली ओढलेली ती बाही...

"मग वळसा का नाही घातलात?" तिने कसंबसं विचारलं.

"मला 'हो' म्हणता येत नव्हतं गं. कारकुनासमोर आलं नाही, मॅडमसमोरही आलं नसतं. हिच्याशिवाय माझं पाऊल पडत नाही, एवढंच सांगायचं होतं. जीभच उचलेना. त्यापेक्षा पडणं सोपं वाटलं." त्याने डावा हात तिच्या केसांवर ठेवला. "आणि तू सगळा दोष स्वतःवर घेतलास तेव्हा मी मूग गिळून बसलो. कुठल्या तोंडाने तुझ्याकडे बघू, म्हणून भिंतीकडे बसत होतो."

"तुम्हाला दिसतंय कुठे मेलं!" ती रडता रडता म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी तो हसला.

पोटभर रडून झाल्यावर तिने डोळे पुसले. दुपारचं जेवण राहिलं होतं. त्याला भरवायला जवळ बसावं म्हणून तिने स्टूल चारही पाय जमिनीवरून वर धरून, अलगद उचललं. आता तिला त्या आवाजाची लाज वाटत होती.

"उचलू नकोस," तो तिच्याकडे तोंड करून म्हणाला. "ओढत आण. वाजलं की मला कळतं तू कुठे आहेस."

तिने स्टूल खाली ठेवलं आणि ओढत ओढत त्याच्या खुर्चीपाशी आणलं.