मातीविना बांबू

चिंगशान गडावर उजाडत होते आणि खाली नदीवरचे धुके अजून विरले नव्हते. उत्तरेकडच्या घोडेस्वारांनी गड जिंकून महिना लोटला होता, आणि जुन्या राजघराण्याचे नाव जो घेईल त्याच्या मानेवर तलवार पडत होती. त्या पहाटे महाद्वारावर शाईचे एक चित्र डकवलेले सापडले. बांबूचे बेट, पण मुळांखाली माती नाही! आमची भूमी परक्यांनी नेली, हा त्याचा अर्थ कोणालाही कळत होता.

दिवस चढण्याआधी नव्या सुभेदाराने नगरातले सारे चित्रकार सदरेवर उभे केले.

"फान महाशय," त्यांतल्या सर्वांत नावाजलेल्याला तो म्हणाला, "तुम्ही लोक चित्र काढीत नाही, लिहिता, असे ऐकतो. मग हा हात कोणाचा, सांगा. सांगाल तर दरबारी चित्रकाराची वस्त्रे तुमची. न सांगाल तर सगळ्यांची मुंडकी."

फानने एकच नजर टाकली. बांबूचे पान अक्षरासारखे एका फटकाऱ्यात उतरवायचे, मनगट अधांतरी ठेवून, आणि चुकले तर दुरुस्ती नाही, ही त्यांची रीत. हे पान टोकाशी श्वासभर थबकून डावीकडे सुटले होते. असे थबकणे कुओचेच! आणि कुओ त्याच्या शेजारीच उभा होता, पांढराफटक पडून.

वीस वर्षे या कुओने त्याचा जीव जाळला होता. दोघे एकाच गुरूचे शिष्य. गुरूंनी मरताना आपला कुंचला कुओला दिला आणि फानला शाई घोटायचा दगड. फानच्या चित्राला लोक वाहवा म्हणत, कुओच्या चित्रापुढे मात्र गप्प होत. त्या गप्प होण्याचाच फानला मत्सर वाटे. आता नुसते नाव घ्यायचे, की काटा निघाला.

ते ओठांवर आलेही. पण नजर पुन्हा पानावर गेली. त्याची खरी किंमत गडावर एकट्या फानला ठाऊक होती. वीस वर्षे मत्सर काय उगाच केला होता? हा हात गेला तर असे पान पुन्हा कोण लिहिणार? त्या मेल्या कुओचा त्याला मनापासून संताप आला.

"सरकार, चित्र माझे आहे."

"नाही सरकार, हा खोटे..." कुओ पुढे सरसावला.

"गप्प बैस! इथेही तुलाच पुढे व्हायचे आहे?" फान कडाडला. "कागद मागवा, सरकार. लिहून दाखवतो."

दार लावून त्याने वीस वर्षे कुओचेच पान गिरवले होते आणि गाठोडीच्या गाठोडी कागद चुलीत घातले होते, कारण ते थबकणे एकदाही साधले नव्हते. आज मनगट उचलले. पान उतरले, थबकले, डावीकडे सुटले. सुभेदाराने दोन्ही कागद शेजारी धरले. तसूभर फरक नव्हता. सदरेवर कोणी बोलेना. फानने ते गप्प होणे पोटभर ऐकून घेतले.

दुपारी त्याचा शिरच्छेद झाला.

कुओ पुढे तीस वर्षे जगला. त्याचा बांबू पाहून लोक म्हणत, "हात फानच्याच वळणाचा, पण फानची सर नाही." कुओ मान डोलावी. सदरेवरचे ते एक पान त्याने डोळ्यांनी पाहिले होते, आणि त्याचा हेवा त्याला मरेपर्यंत पुरला.