थर

साक्षीचित्रण विभागाच्या प्रयोगशाळेत आम्रपाली गजभिये आहरक यंत्राच्या खुर्चीत बसली होती. शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. एका मोठ्या वृत्तसंस्थेत साक्षीचित्रकाराची एकच जागा होती आणि त्या जागेसाठी आजच एक चित्र सादर करायचं होतं.

कॅमेऱ्याच्या फोटोवर आता कोणी विश्वास ठेवत नसे. यंत्रं हवा तो फोटो घरबसल्या बनवून देत. न्यायालय आणि वृत्तपत्रं मानत ती फक्त साक्षीचित्रं. माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं दृश्य आहरक थेट त्याच्या मेंदूतून उचलायचा.

"आणि उचललेली आठवण मेंदूत उरत नाही," डॉ. फरीदा अत्तार म्हणाल्या. विभागप्रमुख त्याच होत्या. "म्हणून तर नक्कल होत नाही. एकच प्रत, तीही बाहेर. साक्षीचित्राची सारी किंमत त्यात आहे."

"हे ठाऊक आहे, मॅडम. अनोळखी माणसांची मी कितीतरी काढलीत."

"ती सगळेच काढतात. सपाट असतात. अनोळखी माणसाचा मेंदूत एकच थर असतो. रोजच्या माणसाचे थरावर थर साचतात, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे. आहरक ते सगळे एकदम उचलतो. एकाच चेहऱ्यात त्या माणसाचं आयुष्य दिसतं."

आम्रपालीनं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे तिची आई, सुशीलाबाई, हिरवी साडी नेसून बसली होती.

"मग आई मला आठवणारच नाही?"

"चेहरा जाईल. त्याला बांधलेलं सगळं जाईल. हे चित्र काढल्याची आठवणसुद्धा. पण पोकळी जाणवणार नाही. आपल्या प्रत्येक डोळ्यात एक अंधबिंदू असतो. तिथे काहीच दिसत नाही. तुला कधी जगाला भोक पडलेलं दिसलंय? मेंदू आजूबाजूचं ओढून ते भरून काढतो. इथेही तसंच. ही तुझी आई, असं कोणी सांगितलं की दोन दिवसांत तिचा आजचा चेहरा तुझ्या लहानपणालाही चिकटतो. आपण तिला कायम ओळखत होतो असंच तुला वाटेल."

"म्हणजे तसं काहीच बिघडत नाही."

"तुझं नाही," अत्तार म्हणाल्या. "बसणाऱ्याची संमती मात्र लागते."

आम्रपालीनं आईचा हात धरला. "आई, एवढं एकदाच. ही जागा मिळाली की आपलं सगळं नीट होईल. चालेल ना तुला?"

सुशीलाबाईंनी होकारार्थी मान हलवली. काही विचारलं नाही. ती एवढी गप्प कशी, याचं आम्रपालीला क्षणभर नवल वाटलं. बिचारीला नीट समजलंच नसावं, असं तिच्या मनात आलं. मग ती आईच्या चेहऱ्याकडे एकटक पाहत राहिली आणि आहरक सुरू झाला.

शुद्धीवर आल्यावर तिला बैठकीच्या खोलीत नेण्यात आलं. वृत्तसंस्थेचे निवड अधिकारी राजोपाध्ये पडद्यापुढे उभे होते. पडद्यावर एका प्रौढ बाईचा चेहरा होता. थकलेला, निगुतीनं टिपलेला.

"कोण आहेत या?" आम्रपालीनं विचारलं.

"तुझी आई," अत्तार म्हणाल्या.

राजोपाध्ये चष्मा पुसत म्हणाले, "रचना उत्तम आहे. पण मुलीनं आयुष्यभर पाहिलेली आई ना ही? तरुणपण कुठाय? मी थर मोजले. सगळे गेल्या वर्षभरातले. त्यामागे काहीच नाही."

"यंत्र चुकलं असेल," आम्रपाली म्हणाली.

अत्तारांनी पडद्यावर आणखी तीन चित्रं आणली. तीच बाई. पहिल्या चित्रात ती एकाच वेळी विशीतली होती, तिशीतली होती, ओणवी होऊन बाळाकडे पाहत होती, तापात कपाळावर हात ठेवत होती. त्या चेहऱ्यावरून नजर हटत नव्हती. दुसऱ्या चित्रात वर्षभराचेच थर होते. तिसऱ्यातही तेवढेच.

"पहिलं प्रवेशपरीक्षेचं," अत्तार म्हणाल्या. "मग दरवर्षी एक. तू दरवेळी विचारतेस, मी दरवेळी सगळं समजावून सांगते. नियमात बसतं. संमती तुझ्या आईनं दरवेळी दिली आहे."

आम्रपालीची नजर एका चित्रावरून दुसऱ्यावर फिरत राहिली. राजोपाध्ये मात्र पहिल्यांदाच तिच्याकडे निरखून पाहू लागले.

"चारही वेळा नजर ढळलेली नाही," ते म्हणाले. "चित्राची एक कडही हललेली नाही. दंगलीत, अपघातात आम्हाला अशीच माणसं हवी असतात. सोमवारपासून या."

बाहेर व्हरांड्यात बाकावर हिरव्या साडीतली एक बाई बसली होती. पडद्यावरचा चेहरा पाहिला नसता तर आम्रपाली तिच्यासमोरून निघून गेली असती.

"भेटली का नौकरी?" बाईनं विचारलं.

"हो." आम्रपाली अंतर राखून उभी राहिली. "तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? हे पूर्वी झालंय म्हणून?"

"सांगतलं होतं ना, पोरी. दुसऱ्या खेपेला सांगतलं, तिसऱ्यालेबी. खुर्चीत बसल्या बसल्या."

"मग वर्षभर घरी का नाही बोललात?"

"घरी तू मले आई म्हणत होती. ते कसं मोडू मी?"

"आणि खुर्चीत सांगितलं, तेव्हा मी काय केलं?"

सुशीलाबाईंनी पदर सारखा केला.

"रडली तू. लई रडली. मंग डोळे पुसले अन् म्हणाली, हालू नको."

आम्रपालीला वाईट वाटलं. रस्त्यात भेटलेल्या एखाद्या बाईबद्दल वाटतं, तेवढंच.