म्हशीला गणपतीचे डोळे

पेणच्या एसटी स्टँडबाहेरच्या सहा आसनी रिक्षापाशी मनस्वी सगळ्यांत शेवटी पोचली, तेव्हा आत एकच जागा उरली होती, आणि त्या जागेवर गणपती बसला होता.

म्हणजे मूर्ती. हातभर उंच, पीतांबर, शेला सगळं जिथल्या तिथे, वरून प्लॅस्टिकचा पातळ कागद. श्रावण संपत आला होता, पेणहून गावोगाव गणपती निघाले होते, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. नवल त्याच्या शेजारच्या तरुणाचं होतं. तो एकदा मनस्वीकडे बघत होता, एकदा मूर्तीकडे. उठवावं कुणाला, हेच त्याला ठरवता येत नव्हतं.

"ह्याचं भाडं भरलंय मी," शेवटी तो म्हणाला. "पण बसा तुमी. ह्याला मी मांडीवर घेतो."

मनस्वी बसली. रोह्याजवळच्या वरसे गावातून ती भल्या सकाळी निघाली होती. शिक्षिका म्हणून पहिली नेमणूक आणि आज पहिलाच दिवस. हसू काही आवरत नव्हतं.

गडब मागे पडलं, रिक्षा खाडीकडच्या कच्च्या रस्त्याला लागली आणि पहिल्याच वळणावर चिखलात रुतून बसली. पुरुष मंडळी ढकलायला उतरली. "जरा धरा," म्हणत त्या तरुणाने गणपती सरळ तिच्या मांडीवर ठेवला. मनस्वीने कागद हळूच वर केला.

"अहो... याला डोळे नाहीत."

"डोळे शेवटी," खांदा रिक्षाला लावून तो मागून म्हणाला. "घरी पाटावर बसवला की मग आखायचे. आताच आखले तर रस्त्यानं काय काय बघायला लागंल त्याला."

एवढ्यात चाक गरकन फिरलं, रिक्षा सुटली आणि डबक्यातला सगळा चिखल त्याच्या तोंडावर उडाला. मनस्वी इतकी हसली की मांडीवरची मूर्ती हलायला लागली.

"बघा, म्हणून," तो बाहीने तोंड पुसत म्हणाला. "त्यानं नाय बघितलं ते बरं झालं. तुमी बघितलंत ते... बघितलंत."

दोघं उतरली एकाच थांब्यावर, कोळवेखारला. त्याचं नाव निकेश, हे तिला शाळेच्या ओट्यावर पोचायच्या आत कळलं, कारण शाळेत खिचडी शिजवणारी पुतळीआत्या त्याची सख्खी आत्या होती आणि गणपती तिच्याच घरचा होता. निकेश पेणच्या एका गणपती कारखान्यात काम करायचा. रंग दुसरे द्यायचे, दागिने तिसरे काढायचे, हा फक्त डोळे आखायचा. "त्याच्या हाताशिवाय देव बघत नाय गो बाय," आत्याने ऐकवलं, आणि नव्या बाईंच्या कानाच्या पाळ्या का लाल झाल्या ते चुलीच्या धुरात तिलाही दिसलं नाही.

शाळा म्हणजे दोन खोल्या, एक व्हरांडा, मागे भातशेती आणि पुढे बांधापलीकडे खाडी. मुख्याध्यापक कमळाकर सर निवृत्तीला टेकलेले, स्वभावाने लोण्यासारखे. त्यांनी पहिल्याच दिवशी मनस्वीला खुर्ची दिली, चहा दिला आणि वाईट बातमीही दिली. पट सोळा होता. गावातली निम्मी मुलं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जायची. पुढच्या जूनपर्यंत पट वीसवर गेला नाही, तर शाळा बंद करायची, मुलं गडबला पाठवायची आणि बाईंची बदली जिल्ह्यात जिथे जागा असेल तिथे, असं वरून कळवण्यात आलं होतं.

मनस्वीने चहा संपवला. मग वर्गात गेली, आणि तिसरीतल्या पिंकीने तिला विचारलं, बाई, तुमी आमच्याकडं किती दिवस? त्या प्रश्नाने तिच्या मनात काय झालं ते तिचं तिलाच ठाऊक. पण संध्याकाळी परतीच्या रिक्षात तिने ठरवून टाकलं होतं, ही शाळा बंद होऊ द्यायची नाही. पहिल्या दिवशी सगळ्याच शिक्षकांना असं वाटतं म्हणतात. हिला दुसऱ्या दिवशीही वाटलं, हा फरक.

मुलांना शाळेकडे ओढायचं तर आधी भिंत रंगवू, असं तिने सुचवलं. ग्रामपंचायतीकडून रंगाचे डबे मिळाले, कमळाकर सरांनी भिंत घासून घेतली, आणि दिवाळीच्या सुट्टीत निकेशने प्राण्यांची चित्रं काढायची असं ठरलं. मोबदला म्हणून त्याने काही मागितलं नाही. मनस्वीने सुचवलेली प्राण्यांची नावं मात्र तिच्याकडून तीन वेळा विचारून घेतली.

सुट्टी संपली. मनस्वी फाटकातून आत आली आणि जागच्या जागी थांबली.

भिंतीवर म्हैस होती, कावळा होता, वाघ होता, कोंबडी होती. शिंगं, पिसं, पट्टे, सगळं अगदी हुबेहूब. आणि त्या सगळ्यांना गणपतीचे डोळे होते. लांबट, अर्धोन्मीलित, कृपेने भरलेले. वाघ इतका मायेनं बघत होता की शेजारची शेळी निर्धास्त उभी होती. कावळा आशीर्वाद द्यायला बसला होता. पहिलीच्या पोरांनी म्हशीच्या पायाशी जास्वंद आणि दूर्वा वाहिल्या होत्या, आणि पुतळीआत्या तिच्यासमोरून जाताना चप्पल काढत होती.

मनस्वीला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, ओट्यावर बसकण मारून ती हसली. वर पाहिलं तर फाटकाशी निकेश उभा होता. नवा शर्ट घालून आला होता. त्याने मोटारसायकल वळवली आणि तो निघून गेला.

आता हसू कुठच्या कुठे पळालं. आठवडाभर तो फिरकला नाही. मनस्वी फळ्यावर लिहिता लिहिता फाटकाकडे बघायची, आणि आपण का बघतोय असं स्वतःलाच रागावायची. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिने रोह्याची गाडी सोडून दिली आणि सरळ पेणचा तो कारखाना गाठला.

पुढच्या वर्षाचं काम लागलं होतं. कोऱ्या, पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, ओल्या प्लास्टरचा वास, आणि मधे पाटावर निकेश. तिला बघून तो उठला, परत बसला, परत उठला.

"मी हसायला नको होतं," ती म्हणाली.

"हसण्यासारखंच होतं ते. घरी जाऊन मी पण हसलो." हातातला कुंचला त्याने उगाच पुसला. "दहा वर्षांचा होतो तवापासनं हा एकच डोळा काढतोय मी, बाई. हजारो काढले. पण माणसाच्या डोळ्यांत बघून... एकपण नाय. हाताला दुसरं ठाऊकच नाय."

"मग हाताला शिकवा. आमच्या शाळेत या. तिथे डोळ्यांच्या सोळा जोड्या आहेत."

"सतरा," निकेश म्हणाला.

"सर धरून म्हणताय?"

"सर धरून अठरा."

मनस्वी परत आली ती हवेत चालत. त्या दिवशी पेणहून रोह्यापर्यंत गाडीत उभं राहावं लागलं, हे तिला घरी पोचल्यावर आठवलं.

मग सुरू झाला एक विलक्षण हिवाळा. रोज दुपारच्या सुट्टीनंतर निकेश यायचा. एकेक पोर स्टुलावर बसायचं, मनस्वी त्याची हनुवटी धरून सांगायची, "हलायचं नाही. सरळ दादाकडे बघायचं." आणि निकेश बघायचा... घाई न करता, समोरच्याला ओशाळवाणं न करता. सुरुवातीची दोन पोरं पुन्हा देवासारखीच उतरली. तिसऱ्या खेपेला पिंकी उतरली, अगदी पिंकी. ती थाप मारत असली की डावा डोळा किंचित बारीक करते हे चार महिन्यांत मनस्वीच्या लक्षात आलं नव्हतं, ते भिंतीवर होतं. भिंतीपुढे आयाबाया गोळा व्हायला लागल्या. मिठागरावरून येणारी माणसं वाट वाकडी करून आपापलं पोर बघून जायची.

सगळ्यांकडे बघणारा हा गडी एका जोडीकडे मात्र चुकूनही बघत नव्हता. मनस्वी समोर आली की तो रंगाच्या वाटीशी बोलायचा. "पाणी देऊ?" विचारलं तर वाटीला "द्या" म्हणायचा. मनस्वीला याचा मनस्वी राग येत होता, आणि रागाच्या भरात ती हल्ली केसांत अबोली माळून येत होती.

माघात पालकांनी शाळेमागच्या शेतात पोपटी लावली. वालाच्या शेंगा, बटाटे आणि भांबुर्ड्याचा पाला ठासून मडकं पालथं घातलं, भोवती जाळ केला. दिवस मावळताना मडकं उघडलं, वाफेबरोबर पाल्याचा उग्र, गोड वास शेतभर पसरला. निकेशने केळीच्या पानावर शेंगा आणून तिच्यापुढे ठेवल्या.

"वाल आमच्या रोह्याकडचे जास्त गोड असतात," मनस्वीने मुद्दाम खोडी काढली.

"रोह्याकडचं सगळंच गोड..." तो बोलून गेला. मग एकदम ठसका लागल्यासारखं करून म्हणाला, "वाल. वाल म्हणतोय मी."

पुतळीआत्याने पदर तोंडाला लावला. जाळाच्या उजेडात मनस्वीने पहिल्यांदा त्याची नजर पकडली, आणि ती निसटली तरी तिला पुरली.

शिमगा झाला आणि भलतंच घडलं. पिवळी बस शाळेच्या वळणावर थांबायची, त्या खिडकीतून गावातल्या सरूचे जुळे मुलगे रोज भिंत बघायचे. एके दिवशी ते बसमध्ये चढलेच नाहीत. आमाला पण भिंतीवर काढा, म्हणून फाटकाला लटकले. निकेशने त्यांना शांतपणे सांगितलं की भिंत शाळेच्या पोरांची आहे. सरू तणतणत आली. पोरांना नादाला लावता काय, चित्रं काढून कुणी शिकतंय काय, असं तिने मनस्वीला भर व्हरांड्यात विचारलं. मनस्वीने कालच्या वडापावचा कागद उचलून पिंकीच्या हातात दिला. पिंकीने त्यावरची अख्खी बातमी धडाधडा वाचली, वर मंत्र्यांचं भाषण कंटाळवाणं आहे असा शेराही मारला. सरूने तो कागद घेऊन उलटसुलट करून बघितला. तिच्या जुळ्यांना इंग्रजी कविता पाठ होत्या, पण दुकानाची पाटी वाचता येत नव्हती, हे तिलाच सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं.

जूनमध्ये बघू, एवढंच म्हणून ती गेली. आता सगळा खेळ जूनवर होता. मेच्या उन्हात मनस्वी वरशाहून येऊन दारोदार फिरली. कुणी ताक दिलं, कुणी वायदे दिले, नक्की कुणीच काही सांगितलं नाही. सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात ती घरी नुसती येरझारा घालत होती. शाळा गेली तर बदली होणार, पोलादपूर म्हणा, आणखी कुठे म्हणा. तिथेही पोरं असतील, भिंत असेल. पण त्या भिंतीपुढे वाटीशी बोलणारा कुणी नसेल... आणि हे मनात आल्यावर तिला रडूच आलं.

शाळा उघडली त्या दिवशी ती धावतच फाटकात शिरली. आत गलका होता. ओट्यावर कमळाकर सर दोन्ही हातांनी चष्मा पुसत होते. सरूचे जुळे आले होते. त्यांच्या मागोमाग पिवळ्या बसची आणखी चार पोरं आली होती, नव्या पहिलीची वेगळीच. पट वीसच्या पुढे गेला होता. "बाई," सर म्हणाले, "आता मी निवृत्त व्हायला मोकळा."

मनस्वीला काय करावं सुचेना. तिने पिंकीलाच उचलून गरकन फिरवलं. पण पिंकीला खाली उतरायची घाई होती. "बाई, भिंत बघा. तुमाला पण काढलंय."

पोरांच्या रांगेच्या टोकाला ती होती. तिची निळी साडी, तिची अबोली, तिचा खडू धरलेला हात. आणि डोळे गणपतीचे. लांबट, अर्धोन्मीलित, कृपाळू.

पोरं खिदळत होती. मनस्वी हसली नाही. निकेश भिंतीशी उभा होता, वाटी हातात घेऊन.

"सगळ्यांना आपापले डोळे," ती म्हणाली, "आणि मलाच हे का?"

त्याने वाटीकडे बघितलं. मग वाटी खाली ठेवली.

"शाळा गेली तर तुमी जाल, निदान भिंतीवर तरी रहाल, म्हणून काढायला घेतलं. सगळं जमलं. डोळे नाय जमले. तुमच्याकडं कधी नीट बघितलंच नाय मी. बघायला लागलो तर..." तो थांबला. "बघायला लागलो तर थांबता नाय येणार, असं वाटायचं. आवडता तुमी मला. त्या रिक्षापासनं."

मनस्वीने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्याच्यासमोर मांडलं आणि पदर सावरून ती बसली. पण मान काही वर होईना.

पिंकी पुढे आली. तिने बाईंची हनुवटी धरली आणि वर केली.

"हलायचं नाय, बाई. सरळ दादाकडं बघायचं."

मनस्वीने बघितलं. निकेशनेही बघितलं. इतके महिने वाटीशी बोललेला माणूस तो, आता वाटीची त्याला आठवणही नव्हती. घंटा झाली, पोरं वर्गात जायची थांबली, चुलीवरची खिचडी लागायची वेळ झाली, तरी त्याच्या हातातला कुंचला काही भिंतीकडे वळला नाही.

"आखतोस का नुसता बघतोस रे?" आतून पुतळीआत्या ओरडली.

"बघतोय, आत्या," नजर न काढता निकेश म्हणाला. "आखायला अख्खं वरीस हाय."

"एकच?" मनस्वीने विचारलं, आणि ती जराही हलली नाही.